उसना आवाज

"बायडे, घाबरू नको."

धोंडीरामने गळ्याला लावलेल्या टॉर्चएवढ्या यंत्रातून हे शब्द निघाले आणि बायडाबाई ताडकन उठली. पाठ भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकली. ओठ नवऱ्याचेच हलले होते, नाव तिचंच घेतलं होतं, पण आवाज? पिठाची गिरणी बोलू लागली असती तर अशीच बोलली असती. घरघरता, एकसुरी, ना बाईचा ना बाप्याचा.

"बंद करा वो ते!" ती ओरडली. "हे यांचं बोलणं नाय."

धोंडीरामने बटण सोडलं. विंचूरच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारायचा हा माणूस. पार फाटकापर्यंत ऐकू जायचा. कॅन्सरपायी स्वरयंत्र काढलं आणि घर मुकं झालं. या यंत्राच्या आशेवर दोघं नाशिकच्या दवाखान्यात आली होती. आता तो मान खाली घालून बसला.

त्याला बोलायला शिकवणाऱ्या तेजश्री मॅडमनी यंत्र उचललं.

"मावशी, हलगी वाजते तेव्हा कातडं थरथरतं. आपण बोलतो तेव्हा गळ्यात तेच होतं. कुठलाही आवाज घ्या, मुळात थरथरच. काकांच्या गळ्यात ती उरली नाही, म्हणून हे देतं. शब्द त्यांचेच आहेत."

"असं कसं? बोलतंय तर यंत्रच."

"बघा मग." मॅडमनी ते तिच्या गळ्याला टेकवून बटण दाबलं. "आवाज काढू नका. नुसते ओठ हलवा. मनात येईल ते बोला."

गळ्याला मुंग्या आल्या. बायडाबाई ओठ घट्ट मिटून उभी राहिली. मग तिची नजर नवऱ्याच्या वाकलेल्या मानेवर गेली, आणि ओठ हलले.

"धोंडीराम."

बायडाबाईने झटकन तोंडावर पदर धरला. लग्नापासून हे नाव तिने उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानात कुणी विचारलं तरी शेजारणीला सांगायला लावायची.

धोंडीराम डोळे फाडून तिच्याकडे बघत होता. त्याने यंत्र जवळजवळ हिसकावूनच घेतलं. घाईत बटण सापडेना. सापडलं तेव्हा, आत्ता तिच्या तोंडून निघाला होता अगदी त्याच आवाजात, तो म्हणाला,

"परत म्हण."