टोप पुसून

"नागूमामा, काय खाल्लं ते सांगा. विष रक्तात भिनलंय, पण कशाचं ते कळल्याशिवाय औषध कुठलं देऊ?" रामनगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई विचारून थकल्या.

नागू हिरड्यांतून झिरपणारं रक्त पुसत राहिला. उत्तर केशरनं दिलं. नवऱ्याची खोड सांगायची तर ती कधी मागं राहिली नव्हती.

"रानात कायतरी चघळलं आसंल. घरात कडू कंदांची भाजी हुती, पर ती माज्या हातची. चिरून रातभर वढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवले की कंदांचं इख जातंय. जल्म गेला माजा त्यात! आन् ह्यांनी मला चाखाय तरी ठेवली व्हय? हावऱ्यावानी टोप पुसून खाल्ला."

"व्हय, रानातच खाल्लं," नागू म्हणाला. "केशर, जरा चा आण गं."

ती दाराबाहेर गेल्यावर त्यानं डॉक्टरीणबाईंना जवळ बोलावलं.

"कंदच हायत, बाई. वढ्यात ठेवायचं इसरली ती. हल्ली इसरतीया. परवा लेकीचं नाव आठवंना, तर दिसभर रडत बसली. तिला सांगू नका."

"अहो, पण कडू लागलं नाही?"

"लागलं की. पयल्या घासालाच."

"मग टाकून द्यायची!"

"टाकली आसती तर तिला कळलं आसतं."

"म्हणून सगळी खायची? चार घास खाऊन ठेवायची होती."

नागूनं दाराकडं बघितलं. चहाचा पेला पदरात धरून केशर जपून येत होती. त्यानं आवाज आणखी खाली आणला.

"तिचं जेवान व्हायचं हुतं न्हवं."