एकोणचाळीस फायली

चारच्या आत सही करून कागद वर पाठवायचा होता, आणि संगणक विभागाचे साहेब तीन वाजल्यापासून नुसतेच कागदांकडे बघत बसले होते. हॉस्पिटलचं जुनं मशीन कधी मान टाकेल याचा नेम नव्हता. तीस वर्षांचा रेकॉर्ड आता कुठं ठेवायचा? एका कागदावर महागाचा मार्ग: सगळं डिस्कवर, मागितलं की क्षणात समोर. दुसऱ्यावर स्वस्तातला, जुन्या मशीनवर चालू होता तसाच: नव्वद दिवस कुणी हात लावला नाही की फाईल आपोआप टेपवर, आणि तिथून परत यायला दोन दिवस. महागाचा कागद वरून दोनदा परत आला होता. साहेबांना आता भांडायचाही कंटाळा आला होता.

रेकॉर्ड रूमच्या बाई दारात आल्या. तीन जिने चढून त्यांना धाप लागली होती.

"साहेब, सोमवारपासून माझ्या फायली उघडत नाहीयेत."

"म्हणजे त्या तुम्ही उघडत होता?"

रोज सकाळी नऊ दहाला त्याच एकोणचाळीस जुन्या फायली उघडायच्या आणि लगेच बंद व्हायच्या. इतकं वक्तशीर माणूस या इमारतीत असेल असं साहेबांच्या मनातही आलं नाही. कुठला तरी प्रोग्राम पिसाळलाय असं समजून त्यांनी सोमवारी त्या फायली उघडणंच बंद करून टाकलं होतं.

"या लोकांना ठरावीक औषधं चालत नाहीत," बाई म्हणाल्या. "साधं भुलीचं इंजेक्शनसुद्धा. ते त्या फायलीतच लिहिलंय, दुसरीकडे कुठं नाही. आणि येतात तेव्हा बिचारे बोलायच्या अवस्थेत नसतात."

"वर कळवलं नाहीत?"

"तीनदा. अर्ज असेल कुठल्या तरी फायलीत."

"पण रोज कशाला? तीन महिन्यांतून एकदा उघडलं तरी चालेल."

"एक दिवस राहिला की दुसराही राहतो. एकदा राहिला होता. फाईल दोन दिवसांनी आली. तोवर माणूस गेला होता."

साहेबांनी पेन उचललं. महागाच्या कागदावर सही केली असती तर तो तिसऱ्यांदा परत आला असता, आणि तोवर जुनं मशीन सगळंच घेऊन बसलं असतं. त्यांनी स्वस्ताच्या कागदावर सही केली. त्यांना लाज वाटली, आणि बाई बघत होत्या म्हणून जास्तच वाटली.

बाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. हाताने लिहिलेले चाळीस नंबर होते, त्यातल्या पहिल्यावर रेघ मारलेली.

"तीस तारखेला मी रिटायर होतेय," त्या म्हणाल्या आणि जिन्याकडे वळल्या.

पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला, सकाळी नऊ सतराला, साहेबांच्या टेबलावरचा फोन वाजला. नवीन मशीन पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस होता.

"साहेब, तुमच्या टेबलावरच्या संगणकावरून रोज सकाळी कसलातरी प्रोग्राम पिसाळल्यासारखा चालतोय. बंद करून टाकू का?"

"नको," साहेब म्हणाले. त्यांचं बोट कागदावरच्या नंबरावर होतं. "चालू दे. अजून बावीस राहिल्यात."