रूपकला

माजलगावच्या टॉकीजात पाहिलेल्या एका नटीवर आश्रुबाचा भलताच जीव जडला होता. लग्नात त्यानं बायकोचं वत्सला हे नाव बदललं, ताटातल्या तांदळावर अंगठीनं त्या नटीचं नाव ‘रूपकला’ लिहिलं आणि भर मांडवात मोठ्यानं वाचून दाखवलं. पुढं तीस वर्षं मात्र चारचौघांत तिला हिणवत राहिला, “नाव बदललं म्हणून म्हैस नटी होतीय व्हय?”

यंदाच्या दुष्काळात बायांच्या दूध सोसायटीनं चारा छावणी उघडली. चेअरमन झाली वत्सलाबाई, माहेरच्याच नावानं. वहीतलं नाव पुकारल्याशिवाय जनावराला पेंडी नाही, हा नियम तिचाच. घरची हाडं निघालेली म्हैस वहीत चढवली तीही तिनंच.

रांगेत आश्रुबा म्हशीचं वहीतलं नाव कसंबसं पुटपुटला.



“मोठ्यानं घ्या की रूपकलाचं नाव,” वत्सलाबाई म्हणाली, “मांडवात घेतलं व्हतं तसं!”