काटक जात

गव्हाचा संशोधक सुश्रुत ऑफिसातून आला की बूटही न काढता बेहाला भागातल्या घराच्या गच्चीवर जायचा. तिथे कुंड्यांमध्ये त्याने गव्हाच्या दोन जाती लावल्या होत्या. त्यातल्या नाजूक जातीचा त्याच्या बायकोला, वैदेहीला, मनापासून हेवा वाटायचा.

"बघ, पान गुंडाळलंय हिचं. तहानली बिचारी," म्हणत त्याने झारी वाकवली. वैदेहीच्या अंगात कालपासून ताप होता, तो काही त्याला दिसला नव्हता.

"आणि ती कोपऱ्यातली?" तिने विचारलं.

"ती काटक आहे. पाण्याचा ताण दिला तरी ओंबी भरते. तिच्याकडे बघावंही लागत नाही."

हेच तो सकाळी फोनवर आईला सांगत होता, वैदेहीबद्दल.

"मग तिला बक्षीस काय?"

"बक्षीस कसलं? पुढच्या हंगामात आणखी एक पाणी कमी."

वैदेहीने त्याच्या हातातली झारी घेतली आणि कोपऱ्यातल्या कुंडीत पार रिकामी केली.

"अगं, ताण तोडलास ना तिचा."

"हो," ती म्हणाली. "तू काही तोडणार नव्हतास."