घरातली निरोगी बाई

चंदाच्या पायातलं जोडवं निघता निघेना. एमआरआय मशीनच्या खोलीत धातूचा कणही चालत नाही, असं नर्सने बजावलं होतं. मंगळसूत्र, कानातलं, डोक्यातल्या पिना, सगळं रुमालात बांधून झालं होतं. उजव्या पायाचं जोडवं तेवढं लग्नापासून जागचं हललं नव्हतं. चंदा बाकावर पाय घेऊन त्याला साबण चोळत बसली होती.

समोर तिची धाकटी जाऊ दुर्गा बसली होती. तिचं मशीन आटोपलं होतं. दुर्गाला ल्युपस होता. शरीराची ताकद शरीरावरच उलटते, असा हा आजार. सांधे सुजतात, गालांवर लाल चट्टे उठतात आणि ऊन लागलं की सगळंच बळावतं. उन्हात काम करायचं नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं तेव्हापासून दुर्गाचा धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुटला आणि तिच्या वाट्याची बांधी, चिखलाचं ते खाचर, चंदाकडे आली. गोंडपिपरीजवळच्या त्या गावात चंदाने तिचं नाव सावलीवाली ठेवलं. गावानेही ते लगेच उचललं.

चट्टे निदान दिसत तरी होते. जिवाला लागलेला घोर कुणाला दिसत नव्हता. बसल्या बसल्या दुर्गाची छाती धडधडायची, कारण नसताना रडू यायचं. कामचुकारपणाची सोंगं, असं सगळं घर मागे बोलायचं. चंदा ते तोंडावर बोलायची, एवढाच फरक.

म्हणून चंद्रपूरच्या दवाखान्यातल्या माधवी डॉक्टरांनी आपल्या अभ्यासात येतेस का, असं विचारलं, तेव्हा दुर्गा एका पायावर तयार झाली. ल्युपसच्या रुग्णांना चिंता आणि उदासी का घेरते, हे त्या मेंदूच्या चित्रांतून शोधत होत्या. तुलनेसाठी त्याच वयाची, तशाच घरातली निरोगी बाई हवी होती. घरात विचारलं तर सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं. चंदाने कधी खाट धरल्याचं कुणालाही आठवत नव्हतं.

एका चित्रावरून कुणा एकाचं दुःख ओळखू येत नाही, पुष्कळांची चित्रं एकत्र पाहावी लागतात, हे डॉक्टरांनी आधीच समजावलं होतं. दुर्गाने ते ऐकलं आणि सोडून दिलं. दोन जावांचे दोन मेंदू शेजारी शेजारी ठेवायचे आणि घरच्यांना दाखवायचे, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तसं झालं नाही तर येत्या रोवण्याला तिला पुन्हा उन्हात उभं करणार, हे ठरल्यासारखंच होतं. शिवाय चंदाने ते चित्र पाहावं आणि खजील व्हावं, असंही तिला वाटत होतं. त्यात सूड होता आणि तो तिला गोड लागत होता.

आत जाण्यापूर्वी सगळ्यांना विचारतात ते प्रश्न घेऊन माधवी डॉक्टर चंदाजवळ येऊन बसल्या. दुर्गा बाहेर जायला उठली, तर चंदाने तिला बसायला सांगितलं. आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय, असं तिचं म्हणणं.

झोप लागते का, या प्रश्नावर चंदा हसली. पहाटेपर्यंत आढ्याकडे पाहत पडायची तिला सवय झाली होती. जेवणाची चव कधी गेली, ते आठवेना. थंडीत वडशाची नाटक मंडळी गावात यायची, तेव्हा पूर्वी ती सर्वांत पुढे जाऊन बसायची. आता गेलं काय अन् न गेलं काय, सारखंच. हे सगळं तिने पिकापाण्याची हकीकत सांगावी तसं सांगितलं. बोटं जोडव्याला साबण चोळतच होती.

"आपण नसतो तर बरं झालं असतं, असं कधी वाटतं का?"

"ते तं रोजच वाटते," चंदा म्हणाली. "कामाले लागलं का मंग इसरून जाते."

तेवढ्यात जोडवं सुटलं. तिने ते रुमालात टाकलं आणि आता आत जाऊ का, म्हणून विचारलं.

दुर्गाने मान खाली घातली. इतकी वर्षं एका चुलीवर जेवून आपण हिला कधी काही विचारलं नाही, याची तिला लाज वाटली.

डॉक्टरांनी चंदाला आत पाठवलं नाही. आज मशीन नको, तुम्हाला निरोगी म्हणून धरता येणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. हाही आजारच आहे, तो अंगावर काढायचा नाही आणि त्याला औषध आहे. मनाच्या डॉक्टरांकडे त्या स्वतः तिला आत्ताच घेऊन जाणार होत्या. त्या चिठ्ठी लिहू लागल्या.

चंदाचा चेहरा पडला. आपल्यामुळे दुर्गाचं काम बिघडलं, असंच तिला वाटलं आणि तसं ती म्हणालीही. एवढी धडधाकट बाई नापास झाली, हे घरी कोणत्या तोंडाने सांगायचं? दुर्गाने रुमालाची गाठ सोडली आणि खाली बसून, सुजलेल्या बोटांनी ते जोडवं चंदाच्या पायात परत घालू लागली.

डॉक्टरांनी चिठ्ठी चंदाच्या हातात दिली. तिला अक्षर लागेना. तिने चिठ्ठी दोन्ही बाजूंनी पाहिली.

"म्याडम, याच्यात सावलीत बसाचं लिवलं हाय का?" तिने विचारलं. "दुर्गाले लिवून देल्लं तसं?"