गोसाव्याची मांडी

"दाब. आनखी दाब," रतनगीर दातओठ खात म्हणाला.

जसोदाबाईने नवऱ्याच्या गुडघ्यावर दोन्ही तळहात रोवले आणि अंगाचा भार टाकला. गुडघा काही जमिनीला टेकेना. जन्माचा गोसावी, रनाळ्याच्या महादेवाची पूजा करण्यात हयात गेली, आणि साठी उलटल्यावर हा बाबा पद्मासन शिकायला बसला होता! देवळात उतरलेल्या एका साधूने रीत दाखवली होती: उजवं पाऊल डाव्या मांडीवर, डावं उजवीवर, पाठ ताठ, श्वास सावकाश. साधू गेला आपल्या वाटेने. गुडघे दाबायचं काम जसोदाबाईच्या गळ्यात पडलं.

रोज सकाळी ती तेल कोमट करून चोळायची आणि मग दाबायची. तो ओरडायचा, शिव्या घालायचा, आणि पुन्हा म्हणायचा, दाब.

हौस नव्हती ती. गोसाव्याला जाळत नाहीत, मांडी घालून बसवून पुरतात. मानमोडीच्या साथीत त्याचा बाप गेला, आणि माणसं जमेपर्यंत पायांची लाकडं झाली. भावकीला तरी कुठे सवड होती, घरोघर मुडदे पडत होते. चौघांनी धरून म्हाताऱ्याची मांडी घातली. हाडं मोडतानाचा तो आवाज नवराबायको दोघांनीही ऐकला होता. तेव्हापासून कुणी ऊस मोडला तरी रतनगीरचं तोंड पांढरंफटक व्हायचं. मरण जवळ आलंसं वाटलं की आपणच मांडी घालून बसावं, कुणाचा हात लागू नये, एवढ्यासाठी हा सगळा योग.

आणि आज जमलं. दुसरं पाऊल सरकत मांडीवर चढलं, गुडघे टेकले. रतनगीरच्या डोळ्यांत पाणी आलं.

"जमनं वं! आते मन्ही चिंता मिटनी."

मन्ही. त्याची एकट्याची. जसोदाबाईला हसू येईना. तेलाचे हात लुगड्याला पुसत ती त्याच्यासमोर बसली. तिचेही गुडघे गेले होते, चुलीपासून उठायचं तर भिंत धरावी लागे. त्याला ते ठाऊक होतं. विचारलं कधी नव्हतं.

"आवो, मी दर सोमवारे महादेवले काय मांगस, माहीत शे ना?"

"मन्हा पहिले जावानं मांगस. सगळ्याच बाया मांगतस."

"त्यानी ऐकं तर?"

रतनगीर हसायला गेला आणि ते हसू तोंडातच राहिलं. गोसाव्याच्या बायकोलाही बसवूनच पुरतात. हे आत्ता कुठे त्याच्या टाळक्यात शिरलं, हे तिने पाहिलं. तिला त्याचा राग आला आणि कीवही आली.

तिने हाताने ओढून आपलं एक पाऊल मांडीवर घेतलं. गुडघा वरच राहिला. मग पदराचा बोळा तोंडात धरून तिने त्याचे दोन्ही हात त्या गुडघ्यावर ठेवले. त्याने भीत भीत दाबलं. आत कुठेतरी काडकन वाजलं. रतनगीरने चटका बसल्यासारखे हात मागे घेतले.

जसोदाबाईने तोंडातला पदर काढला. तिच्या कपाळावर घाम फुटला होता.

"दाबा ना," ती म्हणाली. "आते मले दुखी. मंग तुमले ऐकनं पडी."