आठवी भाकर

मोटारीचा भोंगा पुन्हा वाजला आणि अंबूबाईनं घरातल्या खांबाला घट्ट मिठी मारली.

"नाई येत म्हतलं ना! ओढून नेता काय मले?"

सून कोकिळा तिच्या पायाशी बसली. एक हात लुगड्याच्या बोचक्यावर, दुसरा सासूच्या गुडघ्यावर. चिखलीला डोळ्यांचं शिबिर होतं. डॉक्टर मागच्या आठवड्यात इथं उंद्रीत येऊन तपासून गेले होते. साधा मोतीबिंदू आहे म्हणाले, काढला की म्हातारी सुईत दोरा ओवील. एक पैसा लागणार नव्हता. मोटार दारात उभी होती. आणि ही बया खांब सोडायला तयार नव्हती!

"आत्याबाई, धाकल्या नातवाचं तोंड पाह्यलं नाई तुमी अजून."

"माह्या पाह्यल्यानं त्याचं पोट भरते काय व? आंधळी हावो म्हणून पैसा भेटते. डोळे आले की सरकार बंद करते."

खोटं नव्हतं ते. दुष्काळात ज्यांच्या अंगात ताकद होती ते सगळे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले. आंधळ्या-पांगळ्यांना सरकारनं महिन्याला थोडे रोख पैसे दिले. अंबूबाईचे पैसे तिचा मुलगा निवृत्ती चावडीवरून आणायचा आणि आईच्या मुठीत ठेवायचा. त्याच्या आधीचा उन्हाळा कोकिळा विसरली नव्हती. ताट पुढं केलं की म्हातारी ते मागं सारायची. भूक नाही म्हणायची. जी कामाची नाही तिनं खायचं कशाला, असा तिचा हट्ट. नुसता सापळा उरला होता तिचा.

पैसे आले आणि अंबूबाई जेवायला लागली. हक्कानं! फक्त सगळ्यांच्या शेवटी. संध्याकाळी चुलीशी बसायची आणि काठवटीत भाकरी थापल्याचा आवाज कान देऊन मोजायची. निवृत्तीच्या तीन, कोकिळेच्या दोन, दोन्ही लेकरांची एकेक आणि आठवी तिची. आठवी थापून झाली की हात धुऊन ताट ओढायची. "माह्या पैशावर घर जेवते," असं आल्यागेल्याला सांगायची. आंधळेपणाचा एवढा तोरा गावानं पाहिला नव्हता.

मोटारीबरोबर आलेला उकंडराव दारातून ओरडला, "बाई, सारे बसले मोटारीत. उद्याचा दिवस सरला की डॉक्टर चालले. मंग पुढच्या सालाची वाट पाहा."

कोकिळेनं बाहेर पाहिलं. निवृत्ती कामाच्या शोधात शेजारच्या गावी गेला होता, रात्री परतणार होता. यंदा पाऊस बरा झाला होता. शिवार हिरवंगार होतं, ज्वारी पोटऱ्यात आली होती, कणीस अजून बाहेर पडायचं होतं. पण पोटऱ्यातली ज्वारी काही दळता येत नाही. तिनं बोलून टाकलं.

"आत्याबाई, आयका. पैसा कवाचाच बंद झाला. आखाडातच. पाऊस पडला, दुष्काळ सरला म्हणे. खडीचं कामही बंद केलं."

अंबूबाईची मिठी सैल झाली. कोकिळेच्या जिवात जीव आला. पण म्हातारी विचार करत होती.

"अन् परवा निवृत्तीनं माह्या हातात नोट ठेवली, ते?"

"ते तीच नोट हाये. तुमी माह्याजवळ देता, मी जपून ठेवतो, महिन्यानं तुमचे लेक तेच पुन्हा तुमाले देतात. मोडली नाई आमी."

"बरं. नोट तीच. मंग रोजच्या आठ भाकरी कुठून येतात व? माह्ये डोळे गेले, कान नाई गेले!"

कोकिळेनं चुलीपाशी पालथ्या घातलेल्या काठवटीकडं पाहिलं.

"लबाड कुठली!" अंबूबाई हसली. तिनं चाचपडत सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. "सासूच्या डोळ्यासाठी खोटं बोलून राह्यली. गुणाची हायेस. पण मी भोळी नाई."

मोटार गेली. धूळ खाली बसेपर्यंत कोकिळा दारात उभी होती.

संध्याकाळी तिनं पिठाचा डबा खरवडला. लेकरं कोपऱ्यात उकडलेला तरोटा चावत होती. रानातला पाला तो, पण आजीसमोर भुकेचं नाव काढायचं नाही हे त्यांना पढवून ठेवलेलं. कोकिळेनं मनाशी ठरवलं, आज एकच भाकर थापायची. म्हातारीला काय कळायचं ते कळू दे. उद्या पायी नेईन चिखलीला, नाहीतर पाठीवर नेईन.

तिनं भाकर थापली, तव्यावर टाकली आणि हात मांडीवर घेऊन बसली.

"एक झाली," अंबूबाई म्हणाली. तिनं वाट पाहिली. "बाकीच्या व?"

कोकिळेनं तव्यावरची भाकर उलटली.

"पीठ सरलं काय?" म्हातारीचा ताटावरचा हात हळूच मागं गेला. तोंडावरचा तोरा उतरला. "मंग हे लेकरायले दे. मले भूक नाई आज."

आवाज तोच होता, त्या उन्हाळ्यातला. कोकिळेला तो सहन होईना. चिखली, डॉक्टर, पाठीवर नेणं, सगळं तिच्या मनातून गळून पडलं.

"पीठ काऊन सरते, आत्याबाई? जाळ इझला होता."

तिनं ओलं फडकं दुमडलं, आखाडापासून रोज ठेवत आली होती तसं काठवटीत ठेवलं आणि भाकर थापावी तसे त्याच्यावर रिकामे हात थापायला लागली.

अंबूबाई बोटांवर मोजत होती. दोन. तीन. चार. आठवीला तिनं हात धुतला, ताट ओढलं आणि भाकर मोडता मोडता खुदकन हसली.

"अन् म्हणे पैसा बंद झाला!"